वानरबेटावरची हाक

सावरटोल्याच्या तलावातल्या बेटावर राजाच्या काळापासून वानरं राहतात, ही थाप सुशीलची. सुशील म्हणजे तलावाकाठच्या रिसॉर्टचा मॅनेजर. शहरातल्या नंदनवन भागातून रोज मोटरसायकलवर यायचा, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल. बोटीत बसलेल्या पाहुण्यांना तो भोंग्यातून सांगायचा, की एक राजा शिकारीला आला असता त्यानं एका वानरीचा जीव वाचवला आणि ही सगळी तिचीच पिलावळ. पाहुणे ‘अरे वा’ म्हणायचे. बोट वल्हवणारा बळीराम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, आणि बेटावर उभी असलेली त्याची बायको कांताबाई पदर तोंडाला लावून हसायची.

एक तर ती वानरं नव्हतीच. वानर काळ्या तोंडाचं आणि लांब शेपटाचं. ही होती लाल तोंडाची माकडं. आणि राजानं नव्हे, रिसॉर्टच्या मालकानं ती आणली होती, भाजीच्या क्रेटमध्ये कोंबून, टेम्पोत ताडपत्रीखाली झाकून. कुठल्याशा गावानं वैतागून पकडून दिलेली. कांताबाईला हे पक्कं ठाऊक होतं, कारण क्रेट उघडले तेव्हा ती तिथंच उभी होती आणि पहिलं माकड बाहेर येऊन तिच्याच पायाशी ओकलं होतं.

बेट तसं लहानच. चिंचेची झाडं, एक जुना उंबर, बोरी-बाभळींचं रान आणि टोकाला शेंदूर फासलेले दगड. ते दगड म्हणजे मातामाय, सावरटोल्याच्या ढिवरांची देवी. तलाव ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचा. उन्हाळ्यात मासे आणि दसऱ्यापासून थंडीपर्यंत शिंगाडे, यावर गाव जगायचं. पल्याड कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसायचा, आणि वारा उलटा फिरला की पाण्यावर राखेची साय धरायची. अशा जागी रिसॉर्ट काढायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल, देव जाणे. पण आलं, आणि चाललंही. रविवारी शहरातल्या धरमपेठेतून आलेल्या गाड्या रांगेनं उभ्या राहायच्या. जेवण, झोपाळे, आणि सगळ्यात मोठं आकर्षण म्हणजे बोटीत बसून वानरबेटाची सफर.

या बेटाची मालकीण होती कांताबाई. कागदावर नव्हे, पण माकडांना कागद कुठे वाचता येतात? त्यांना खाऊ घालायचं काम तिचं. सुरुवातीला ती माकडं अशी झडप घालायची, की एका पाहुणीच्या हातातली पर्स पाण्यात गेली आणि मालकानं कांताबाईलाच फैलावर घेतलं. तेव्हापासून तिनं मनावर घेतलं. सिमेंटच्या चबुतऱ्यावर टोपली घेऊन ती बसायची आणि जो हिसकावेल त्याला काहीच द्यायची नाही. गुमान बसेल त्यालाच चणे, त्यालाच पोळी. महिन्या-दोन महिन्यांत माकडं ताळ्यावर आली. चबुतऱ्याभोवती पंगत धरून बसायची आणि कांताबाईनं हाक मारल्याशिवाय एकही पुढं यायचं नाही. हाक ठरलेली होती. कमरेवर हात ठेवून, मान जराशी वर करून ती ओरडायची, “याऽ वं, याऽ गा, जेवाले याऽ!” लेकी-सुनांना वं, पोरांना गा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. सुशील सांगायचा, ही राजाच्या काळापासूनची प्रथा आहे.

पंगतीत एक जाडजूड माकडीण नेहमी शेवटी बसायची. सगळ्यांवर नजर फिरवायची, कुणी आगाऊपणा केला तर एक चापट द्यायची आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतः कांताबाईच्या हातून खायची. बळीरामनं तिचं नाव ठेवलं कलेक्टरीण.

आता शिंगाड्याचं. शिंगाडा ही पाण्यातली वेल. आषाढात कंबरभर पाण्यात उभं राहून एकेक वेल पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबायची, तेव्हा कुठे दसऱ्याला काटेरी फळं हाती येतात. सावरटोल्यात रिवाज असा, की हंगामाचं पहिलं टोपलं मातामायचं. ते उकडायचं, सोलायचं, कारण माय म्हातारी, तिला काटे टोचू नयेत, आणि बेटावर नेऊन दगडांपुढं ठेवायचं. तोवर कुणी एक शिंगाडा विकायचा नाही. पूर्वी ते टोपलं तिथंच पडून राहायचं. कावळे चार दाणे उचलायचे, बाकी मुंग्यांना. म्हाताऱ्या चुकचुकायच्या, की माय यंदा नीट जेवली नाही.

माकडं आली आणि पहिल्याच वर्षी टोपलं चाटूनपुसून रिकामं झालं. माकडांनी खाल्लं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण गाव हरखलं. “मारुतीनं खाल्लं काय न् मायनं खाल्लं काय, एकच!” असं देवराव म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. देवराव सोसायटीचा अध्यक्ष, बळीरामच्या दूरच्या नात्यातला. पुढच्या वर्षी प्रत्येक घरानं आपापलं टोपलं नेलं. उकडलेलं, सोललेलं. वर्षामागून वर्षं गावानं माकडांना शिंगाड्याची अशी चटक लावली, आणि तीसुद्धा हात जोडून. एकाच्याही डोक्यात आलं नाही, की जे फळ आपण इथं सोलून वाढतो, ते तिथं चार हातांवर पाण्यात लोंबतंय. कांताबाईच्याही नाही. तिचं टोपलं तर सगळ्यात मोठं असायचं.

मग टाळेबंदी आली. रिसॉर्ट बंद झालं ते झालंच. मालक कुठे गेला कुणाला कळलं नाही, बँकेनं फाटकाला सील ठोकलं, झोपाळे गंजले. सुशीलनं फोन उचलणं बंद केलं. खुर्च्या गेल्या, भांडी गेली, एसी गेले, सगळ्याची नीट व्यवस्था लागली. माकडांची आठवण कुणालाच झाली नाही. बळीराम मात्र रोज डोंगा घेऊन बेटावर जायचा, गावातून गोळा केलेलं शिळंपाकं घेऊन. कांताबाई सोबत असायची आणि रिकाम्या चबुतऱ्यावरून तशीच हाक मारायची. ना पाहुणे, ना टाळ्या, पण माकडं तशीच पंगत धरून बसायची.

पण माकडं वाढत गेली आणि शिळंपाकं आटत गेलं. गावाला तरी किती दिवस पुरणार? बळीरामचे गुडघे गेले, डोंगा रोजचा जाईना. आणि एका दसऱ्याला बेटाजवळच्या वेलींवर माकडं उतरली. पोहत आली, पानांवर ओणवी झाली आणि दातांनी साल काढून हिरवे शिंगाडे फस्त करू लागली. काटे टोचले, ओठ रक्ताळले, पण भूक सगळं शिकवते. बेटाजवळचं पाणी होतं कांताबाईचं. सोसायटीनं तलाव घरोघर वाटून दिला होता, आणि सासूच्या काळापासून तोच वाटा त्यांच्याकडे होता.

पहिल्या हंगामात जवळजवळ सगळं पीक गेलं. दुसऱ्या हंगामात धरमपेठेतल्या कोपऱ्यावर, जिथं ती उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन वर्षानुवर्षं बसायची, तिथं तिला जाताच आलं नाही. टोपलीत घालायला काही नव्हतंच. आणि सोसायटीचा नियम जुना आणि कडक होता. सलग तीन हंगाम ज्याचं पाणी रिकामं गेलं, त्याचं पाणी दुसऱ्याला.

पाणी गेलं असतं तर कांताबाई उपाशी मेली नसती. दुसऱ्याच्या वेली तोडायला मजुरीनं गेली असती. पण सासूनं तिला याच पाण्यात उतरवलं होतं, नवी नवरी असताना, हात धरून. अंगठ्यानं वेल दाबायची ती इथं शिकली. त्या पाण्यात दुसरं कुणी उभं आहे आणि आपण त्याच्या हाताखाली तोडतोय, हा विचार नुसता मनात आला तरी तिला धाप लागायची. तलावाचा तेवढा तुकडा सोडला तर तिचं स्वतःचं म्हणावं असं या जगात दुसरं काही नव्हतं.

भादव्यात सोसायटीची बैठक बसली. गेल्या हंगामात माकडं दुसऱ्यांच्या पाण्यापर्यंत पोचली होती, त्यामुळे सगळ्यांचाच आवाज चढलेला. देवरावनं वनखात्याची परवानगी आधीच आणली होती. मथुरेकडून माकडं पकडणारी माणसं येणार होती.

“वहिनी,” देवराव म्हणाला, “यंदाचा तिसरा हंगाम आहे. माकडं गेली तं तुमचं पाणी तुमचं. नाही गेली तं मंग माह्या हातात काही नाही. मले दोष नका देजा.”

देवराव मनानं वाईट नव्हता. म्हणूनच त्याच्यावर रागावताही येईना.

माणसं आली. त्यांच्या म्होरक्याला सगळे उस्ताद म्हणायचे. किडकिडीत, पिकल्या मिशांचा, हातावर माकडांच्या चाव्यांचे जुने वण. त्यांनी चबुतऱ्यावर खोलीएवढा पिंजरा उभारला, आत केळी लटकवली आणि दोर धरून झुडपात बसले. माकडं आली. पण आत एकही गेलं नाही. पिंजऱ्याभोवती अर्धगोल करून बसली आणि केळ्यांकडे बघत राहिली. दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

उस्ताद डोकं धरून किनाऱ्यावर आला. “उमर गई इसी काम में,” तो म्हणाला, “बंदर झपटता है, तभी तो फँसता है. ये तो पंगत लगा के बैठे हैं. जैसे कोई परोसने वाला आने वाला है. इनको सिखाया किसने?”

सगळ्यांच्या माना कांताबाईकडे वळल्या.

तिनंच हाक मारून त्यांना पिंजऱ्यात बोलवावं, असं सगळे म्हणू लागले, पण तिनं नाही म्हटलं. लगेच, ठणकावून. आणि घरी येऊन चुलीपुढं बसली तेव्हा तिला कळलं, की आपल्या त्या ‘नाही’मध्ये काही दम नव्हता.

“माकडं येतीन,” खाटेवरून बळीराम म्हणाला. “तू हाक मारशील तं सगळी येतीन. म्हणूनच सांगतो, नको मारू.”

“मंग पाण्याचं काय?”

“जाऊ दे पाणी.”

“तुमाले सोपं आहे म्हणणं! तुमी तं काठावर बसता. पाण्यात मी उभी राहतो.” तिचा आवाज चढला. “माकडं का आपण आणली? मालकानं आणली न् सोडून पळाला. त्याले कोणी इचारलं? सुशीलले कोणी इचारलं? मीच काहून भोगू?”

बळीराम खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, “आणली नाही, खरं हाय. पण भरवसा कोणावर ठेवाचा, हे त्याहीले तू शिकवलं.”

हे वाक्य तिला झोंबलं. ते खरं होतं म्हणून झोंबलं, आणि नवऱ्यानं म्हटलं म्हणून जास्तच झोंबलं. त्या रात्री दोघंही पाठमोरी झोपली.

सकाळी देवराव दारात हजर. हंगाम तोंडावर आला होता, पहिलं टोपलं जायची वेळ झाली होती, आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली होती. “मायचं टोपलं यंदा पिंजऱ्यात ठेवू. माकडं तसंही खातेतच. माय बी जेवल, माकडं बी जातीन.”

“मायच्या परसादावर फासा लावाचा?” कांताबाईनं विचारलं.

“फासा कायचा वं वहिनी? जंगलात नेऊन सोडणार हायेत. मारून थोडी राहिले.”

ती उठून उस्तादकडे गेली. कुठल्या जंगलात, विचारलं. दूर, तो म्हणाला. तिथं खायला काय आहे, विचारलं. उस्तादनं मिशीवरून हात फिरवला. “जंगल है, अम्मा. जो जंगल खिलाए.” तो खोटं बोलत नव्हता, पण तिच्याकडे बघतही नव्हता. या माकडांनी कधी जंगल पाहिलं नव्हतं. अर्ध्याहून जास्त तर बेटावरच जन्मलेली. त्यांना एकच कळत होतं, की एक बाई येते, हाक मारते आणि मग जेवायला मिळतं.

आणि तरी ती हो म्हणाली. हे लपवण्यात काही अर्थ नाही. आपलं पाणी डोळ्यांसमोर होतं, वेली या वर्षी कधी नव्हे इतक्या लगडल्या होत्या, आणि माणूस शेवटी माणूस असतो.

टोपलं तिनंच भरलं. तिनंच उकडलं, तिनंच सोललं. घरोघरचे शिंगाडे त्यात आले. डोंग्यातून ते बेटावर नेलं, आधी मातामायला दाखवलं आणि दगडांना हात लावून म्हणाली, “माय, मले पाहू नको आज.”

उस्तादची माणसं झुडपात दडली. कांताबाई पिंजऱ्याच्या दाराशी उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच निघाला, उलट जरा जास्तच गोड निघाला, आणि त्याची तिला स्वतःलाच शिसारी आली.

“याऽ वं, याऽ गा, जेवाले याऽ!”

चिंच हलली, उंबर हलला. सगळी आली. पिलांना पोटाशी घेतलेल्या आया, भांडखोर नर, हाडकुळी पोरं. पंगत धरून बसली. पण आत येईनात, कारण हाक मारणारी दारात उभी होती आणि ती बसलेली नव्हती. वाढायचं तर बसून, ही तिचीच शिकवण. तेव्हा ती टोपलं घेऊन स्वतः पिंजऱ्यात शिरली, पार आत भिंतीशी जाऊन बसली, आणि परत हाक मारली. मग एकेक करून माकडं आत आली, तिच्याभोवती बसली, आणि ती वाढू लागली. कुणी हिसकावलं नाही. कलेक्टरीण शेवटी आली. म्हातारी झाली होती, एका डोळ्यात फूल पडलं होतं. ती सरळ कांताबाईच्या मांडीला टेकून बसली.

दार खाली आलं.

एकच कल्लोळ उडाला. कांताबाईला वाटलं, आता आपल्याला फाडून खाणार. खाल्लं असतं तर बरं झालं असतं, असं ती पुढं किती दिवस म्हणायची. पण माकडांना दार पाडणारी माणसं दिसली होती, काठ्या दिसल्या होत्या. हे संकट बाहेरून आलंय, एवढंच त्यांना समजलं, आणि वाचायला ती सगळी कांताबाईच्या मागं लपली. पाठीला चिकटली, पदरात शिरली, पिलांना तिच्या ओटीत सारलं. उस्तादनं मागची खिडकी उघडली. “अम्मा, निकलो!” निघायचं तर एकेक मूठ पदरातून सोडवावी लागली. तिनं सोडवली. कलेक्टरिणीनं तिचं मनगट धरलं होतं, घट्ट नव्हे, नुसतंच. तेही तिनं सोडवलं.

खिडकी बंद झाली तेव्हा कांताबाई बाहेर होती आणि माकडं सगळी आत. आणि चिंचेच्या फांदीवर दोन माकडं बसून हे बघत होती. पंगतीला उशिरा पोचलेली. त्यातलं एक लाडू. आई मेल्यावर कांताबाईनं दुधाचं फडकं चोखवून जगवलेलं.

किनाऱ्यावर गाव जमलं होतं. मोठ्या बोटीतून पिंजरा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोपलं रिकामं निघालं, म्हणून देवरावनं नारळ फोडला. “माय जेवली! हंगाम मोकळा!” गाडी कोराडीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. बळीराम किनाऱ्यावर आला नव्हता. ती घरी आली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, “कलेक्टरीण?”

“गेली,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली.

हंगाम असा आला, की लोकांनी बोटं तोंडात घातली. कांताबाईच्या पाण्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोसायटीनं तिचा वाटा कायम केला. धरमपेठेच्या कोपऱ्यावर तिची टोपली पुन्हा लागली, आणि जुनी गिऱ्हाइकं विचारू लागली, की काकू, दोन वर्षं होत्या कुठे. तिनं बघितलं, की आपल्याला हवं होतं ते सगळं मिळालंय. तरी चिंचेवर उरलेली ती दोन माकडं तिच्या डोळ्यांपुढून जाईनात.

एके सकाळी ती पोळ्या बांधून बेटावर गेली. ती दोघं उपाशी असणार. यात काही पिंजरा नव्हता, कपट नव्हतं. चबुतऱ्यावर बसली, पोळ्या मांडल्या आणि अगदी मनापासून हाक मारली. “याऽ वं, याऽ गा…”

उंबरावर चिरका आवाज झाला. दोन्ही माकडं शेंड्याकडे धावली, एकाच्या हातून फांदी सुटता सुटता राहिली. तिथून ती दात विचकून किंचाळत राहिली. कांताबाई जितकं गोड बोलवायची तितकी ती दोघं जास्त भ्यायची. पोळ्या ठेवून ती परत आली. दुसऱ्या दिवशी पोळ्या तशाच होत्या, कडेनं मुंग्या लागलेल्या. तिच्या हाताचं काही त्यांना नको होतं. गुडघे दाबत बळीराम एकदा गेला, पण त्याचा डोंगा दिसताच ती रानात गडप झाली.

मग त्यांना खायला उरलं काय? पाण्यातले शिंगाडे. एका दुपारी लाडू पोहत तिच्या वेलींवर आला. कांताबाई तिथंच तोडत होती. त्याला बघून तिला भरून आलं, आणि सवयीनं, काही विचार न करता, तिच्या तोंडून हाक निघाली. लाडू असा उलटा फिरला, की नाकातोंडात पाणी गेलं. कसाबसा बेट गाठून पळाला.

काठावरून देवराव हे बघत होता. तो खूश झाला. “वा वा वहिनी! हे तं लय बेस झालं! फटाके नको, राखण नको. तुमच्या हाकेलेच भेतेत ते! दोनच उरले, तुमी फक्त सकाळ-संध्याकाळ एक हाक मारत जा. सगळ्याइचंच पीक वाचल.”

आणि ते सोसायटीत ठरलं देखील. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बायका म्हणाल्या, कांताबाईच्या गळ्यात मायनं काय जादू घातली! तिनं दोनतीन दिवस हाक मारलीही. पाण्यात उभी राहून, तोंड बेटाकडे करून, जेवायला या म्हणून. आणि दर हाकेला रानात सळसळ व्हायची, दोन जीव लांब पळायचे. संध्याकाळी ताटावर बसली की घास उतरत नसे. बळीराम तिच्याकडे बघायचा. त्यानं एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडून मोकळी तरी झाली असती.

कार्तिकातली सकाळ होती. पाणी असं गार, की पायांची बोटं कळेनाशी झालेली. कांताबाई छातीभर पाण्यात वेल उलटवून शिंगाडे तोडत होती. समोर पानं हलली. लाडू होता. बरगड्या मोजाव्यात असा झालेला, ओठ काट्यांनी फाटलेले. तिला पाहून तो जागच्या जागी थिजला. पाठीमागं त्याची जोडीदारीण नुसतं डोकं पाण्याबाहेर काढून थांबलेली. पळायची तयारी दोघांची होती, फक्त त्राण नव्हतं.

बांधावरून देवरावचा आवाज आला. “वहिनी! आले पाहा! हाक मारा ना!”

ती हलली नाही.

“वहिनी! ऐकू नाही येऊन राहिलं काय? हाक मारा!”

कांताबाईनं गळ्याला हात लावला आणि बांधाकडे वळून, जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “घसा बसला गा.”

“आता? काहून?”

“पाणी थंडं हाय. बसला.”

देवराव काहीबाही बडबडत दगड शोधू लागला, पण बांध दूर होता, त्याचा दगड काही तिथवर पोचणार नव्हता. कांताबाईनं त्या दोघांकडे पाठ केली, म्हणजे तिचं तोंड त्यांना दिसू नये. वेल समोर ओढली आणि तोडू लागली. मागून साल फाडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. ती ओठ दाबून, श्वाससुद्धा हळू घेत, तशीच तोडत राहिली.